दिवा बंद म्हणजे वाट मोकळी

६ जानेवारी

परत ओ! ऑफिस उघडून पडदा पाहिला तर ओ ओ ओ ओ — ओळीच्या ओळी. छतावरची तार हवेतलं सगळं ओढून घेते, रेडिओची डबी त्याचे आकडे करते, सेकंदाला चोवीस लाख, आणि ड्रायव्हर नावाचा हमाल ते आकडे संगणकाच्या दारात आणून टाकतो. संगणकाने वेळेवर उचलले नाहीत की हमाल माल फेकून देतो आणि पडद्यावर एक ओ लिहून मोकळा होतो. फेकलेलं परत मिळत नाही.

आज पहाटे त्या फेकलेल्यात कळपाच्या म्होरक्या म्हातारीच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरची टकटक होती. कळप पाळणाघराच्या वरच्या चहाच्या मळ्यात वीस मिनिटं उभा होता, आणि चौकातला लाल दिवा लागला तो कळप निघून गेल्यावर. पाळणाघर सांभाळणारी पेच्चियक्का त्याआधीच दिव्याखालून गेलेली. ती रोज सहाला निघते. पानं तोडायला जाणाऱ्या बायका सातला पोरं आणून सोडतात, तोवर दूध तापलेलं हवं.

दिवा बंद म्हणजे वाट मोकळी, हे मजुरांच्या लाइनीत दारोदार जाऊन मीच सांगितलंय, दोन वर्षांपूर्वी. तिचा नवरा त्याच वाटेवर गेला, तेव्हा दिवा नव्हता. थोरल्यांच्या मधे आला, एवढंच ती म्हणते. लाइनीत हत्तीला कुणी हत्ती म्हणत नाही, एकटा असला तरी थोरले म्हणतात. माझीही जीभ वळत नाही.

आता दिवा आहे आणि तो उशिरा लागतो. हे नसल्याहून वाईट.

७ जानेवारी

केबल बदलली. ओ. आखूड केबल घातली. ओ. संगणक तापतो म्हणून झाकण काढून टेबलफॅन लावला — तरी ओच, फक्त थंडगार! अरसु सर दोनदा डोकावून गेले. या कामाचे प्रमुख ते. पोंगलनंतर चेन्नईहून देणगीवाले बघायला येणार, तोवर पडदा स्वच्छ दिसला पाहिजे म्हणाले. त्यांचं बरोबर आहे, पैसा बंद झाला तर दिवाही बंद. पण पडदा स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं यांत फरक असतो, हे बोलायचं मनात होतं, बोलले नाही.

कोइमतूरला दिनकरनला फोन. प्रोग्राम त्यानेच लिहिलाय. त्याचं उत्तर तयारच होतं: वेग निम्मा कर, सेकंदाला बारा लाख, ओझं अर्धं झालं की सांडणं बंद. या धंद्यात सगळे हेच करतात. एवढं साधं सुचू नये म्हणजे वय झालं माझं, असंही म्हणाला. मला अडतीस, त्याला एक्केचाळीस, आणि डोक्यावर केस औषधालाही नाहीत!

८ जानेवारी

निम्मा केला. दिवसभरात एकही ओ नाही. एकही नाही!

११ जानेवारी

चार दिवस पडदा कोरा. उगीच जाऊन बघते. आई म्हणते, लोक पाळण्यात बघतात तशी तू त्या डब्यात बघतेस.

खरं कारण मात्र सापडलेलं नाही. संगणकाला उचलायला उशीर का होत होता? ओझं कमी केलं म्हणून तो धावतोय, इतकंच. पाठ दुखते म्हणून घागर अर्धी भरावी, तसं. पण आता धावतंय तर कशाला उकरायचं! पुढच्या महिन्यात बघू.

१४ जानेवारी, पोंगल

पेच्चियक्काने वाटीभर गोड पोंगल आणून दिला. दिव्याला पण ओवाळलं तिने, खांबालाच कुंकू लावलं. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. अरसु सरांनी कोऱ्या पडद्याचा आलेख काढून चेन्नईला पाठवला. खाली माझं नाव.

१७ जानेवारी

पाळणाघराच्या फाटकापाशी ताजी लीद. पावलं सुपाएवढी, एकाच जनावराची. पहाटे दिवा बंद होता.

पेच्चियक्काने थोरल्यांना पाहिलंसुद्धा, धुक्यात, वीस पावलांवर. बांबूला टेकून श्वास धरून उभी राहिली, ते फाटकाला अंग घासून खाली उतरले. सांगताना आवाज चढला नाही तिचा. एकटे होते आणि गळ्यात पट्टा होता, म्हणाली.

मी आत जाऊन नोंदी पाहिल्या. आम्ही घातलेल्या चारही कॉलरींपैकी कुणाचीच टकटक नाही, आणि सांडलेलं काहीच नाही, पडदा कोरा. बाहेर येऊन सांगितलं — सगळ्याच थोरल्यांच्या गळ्यात कॉलर नसते अक्का, कुणी परका उतरला असेल. पट्टा म्हणतेस तो धुक्यात वेल दिसला असेल.

 ती म्हणाली, "मशीन नाही म्हणतंय ना? मग नसेल पट्टा. माझेच डोळे गेलेत आता."

१९ जानेवारी, रविवार

सुटी. चहाचा पेला बाजूला, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडले. परवापासून तिचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

तीन कळपांच्या तीन म्हाताऱ्यांच्या कॉलरी शेजारशेजारच्या फ्रिक्वेन्सींवर वाजतात. चौथी, एकट्या फिरणाऱ्या थोरल्यांची, वर्षभराने आलेली, दुकानात होती ती घेतली. ती पार कडेला वाजते. आणि सेकंदाचे आकडे निम्मे केले की डबीला ऐकू येणारा फ्रिक्वेन्सींचा टापूही निम्माच होतो. हे मला ठाऊक आहे. हाताखालच्या पोरांना शिकवलंय मी हे! खिडकीची दोन्ही दारं उघडी होती, वारा फार येतो म्हणून मी एक लावून घेतलं, आणि चौथे थोरले त्याच बाजूला उभे.

अकरा दिवस. एकही ओ नाही, कारण ते ऐकायचंच मी बंद केलं होतं. तिचे डोळे ठणठणीत आहेत. मीच तिला आंधळी म्हटलं. रडले थोडी. मग तशीच सरांच्या घरी गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, दुरुस्त कर, पण लाइनीत बोलू नकोस. दिवा अकरा दिवस खोटा होता असं कळलं तर पुन्हा कुणी त्याच्याकडे बघणार नाही. "विश्वास एकदाच मिळतो, कनगा. आठवड्यात नीट कर आणि विषय संपव."

मी हो म्हणून आले. त्यांचं पटलं म्हणून नाही. पेच्चियक्कासमोर उभं राहायला नको, म्हणून.

२० जानेवारी

वेग परत चोवीस लाख. ओ लगेच हजर. या वेळी आनंद झाला बघून — निदान खरं बोलतात.

आज पहाटे सहाला पेच्चियक्काच्या दारात जाऊन उभी राहिले, टॉर्च आणि फटाके घेऊन. काय सांगणार? चालायला सांगितलंय डॉक्टरांनी, म्हटलं. ती हसली, म्हणाली, चाळिशी आली की वजन कळतं. पाळणाघरापर्यंत पोचवून परत आले. वाटेत तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा धुक्याबद्दल बोलले.

२२ जानेवारी

एक कारण सापडलं. प्रोग्राम प्रत्येक टकटक मेमरी कार्डावर लिहितो आणि लिहून होईपर्यंत थांबतो. कार्ड स्वस्तातलं, मधेच अडतं. तेवढ्यात दारात ढीग साचतो, हमाल वैतागतो. लिहिण्याचं काम वेगळं काढून दिलं, दाराशी साठवायची जागा चौपट केली. शिवाय संगणक वीज वाचवायला मधूनमधून पेंगत होता, ते बंद केलं. दिनकरन फोनवर शेवटपर्यंत होता. चूक त्याचीही आहे असं तो म्हणाला, मी सांगायच्या आत. केसांवरून बोलले होते ते मनातून मागे घेतलं.

दिवसाला दोनशे ओ होते ते नऊवर आले.

२४ जानेवारी

पण ते नऊ! एकदमच येतात, आणि नेमके कधी येतात ते आज पाहिलं. कळप जवळ आला, पहिली टकटक ऐकू आली, की संगणक दिव्याला संदेश पाठवतो आणि लाइनीतल्या तीनशे फोनांना. संदेश पाठवणारा मोडेम आणि रेडिओची डबी एकाच जोडणीवर लटकलेत. मोडेम बोलायला लागला की डबीला वाटच मिळत नाही. म्हणजे थोरले आले असं ओरडताना आमच्या यंत्राचे कान बंद! त्या मिनिटांत दुसरं कुणी आलं तर आलं.

मला यंत्राचा राग आला नाही. मी दोन वर्षं लाइनीत दिव्याबद्दल बोलत फिरले, आणि पेच्चियक्का गळ्यात पट्टा म्हणाली ते ऐकलं नाही.

मोडेम दुसऱ्या, जुन्या संगणकावर नेला. आजही पहाटे गेले होते तिच्याबरोबर. पाचवा दिवस. खालच्या आळीतल्या दोघी आमच्या मागोमाग आल्या, टॉर्चच्या उजेडात. बरी सोबत झाली म्हणाल्या.

२६ जानेवारी, रविवार

दोन दिवस पूर्ण चोवीस लाख आणि ओ शून्य. खरं शून्य. चारही कॉलरी ऐकू येतात. काल संध्याकाळी चौथे थोरले ओढ्यापाशी आले आणि दिवा पाचव्या सेकंदाला लागला, मी खांबाखाली उभी राहून मोजलं. सर आले, त्यांनी माझा हात हातात घेतला. विषय संपला, म्हणाले.

पेच्चियक्काला सांगायचं राहिलं आहे. आता दिवा खरा आहे, तर मागचं सांगून तिला घाबरवायचं कशाला? उद्या पहाटे जाणार नाही. आठवडाभराची झोप साठलीये.

२७ जानेवारी

दिवा पाच पन्नासला लागला. नोंदीत आहे. चौथी कॉलर, स्वच्छ, एकही ओ नाही.

पेच्चियक्का सव्वासहाला त्याच्याखालून गेली.

२८ जानेवारी

ऊटीच्या हॉस्पिटलात जाऊन आले. कंबरेचं हाड मोडलंय, तीन बरगड्या. सोंडेने फक्त बाजूला सारलं म्हणते, थोरल्यांची चूक नाही.

दिवा लाल होता, तो दिसला होता तिला. दहा मिनिटं दारात माझी वाट पाहिली, मग निघाली.

"तू रोज टॉर्च घेऊन यायचीस ना," ती म्हणाली, "तेव्हाच सगळ्या लाइनीला कळलं, दिवा बिघडलाय म्हणून."