परवान्यातला बाईमाणसाचा रकाना

गुलबर्गा, श्रावण वद्य तृतीया, सन १९५३

तीर्थरूप गंगम्मा अक्का यांच्या चरणी धाकट्या वीरण्णाचे शरणु शरणार्थ. निंबर्ग्यात पाऊसपाणी बरं असेल, तुमचा गुडघा ताळ्यावर असेल आणि सूनबाई तुम्हाला दोन वेळा चहा देत असेल असं धरून चालतो. मी ठीक आहे. (ठीक म्हणजे भाकरी अजून जळते, पण आता एकाच बाजूनं.)

शहर वाढलं तसे कायदेही वाढले. दवाखान्यात कुणी आजारी असलं की गावाकडची माणसं आपल्या मधल्या खोलीत उतरतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता खाट-गादीसकट खोली द्यायची तर परवाना लागतो. पाहुणा तीस दिवसांवर ठेवायचा नाही, सामानाची यादी दारावर लावायची (आपल्या मोडक्या खाटेला कागदावर ‘पलंग’ म्हणावं लागलं), आणि बायका उतरणार असतील तर घरात राहणारी एक बाई दाखवायची. त्या रकान्यात मी बायको म्हणून लिंगम्माचं नाव लिहिलं. माघात ती गेली हे विसरलो नव्हतो, अक्का. पण रकाना मोकळा सोडायला हात धजेना.

तपासणीला साहेब आले. खाट हलवून पाहिली, उशा मोजल्या आणि विचारलं, “बाई माणूस कुठं हाय? दिसंना की.” मी म्हटलं, “पंचमीला माहेरी गेलीय, करजगीला.” पंचमीला माहेरी न जाणारी बाई आपल्याकडं कुठं आहे? मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. पण खोलीत उतरलेल्या राजूबाई नेमक्या करजगीच्या. नवऱ्याच्या दुखण्यापायी आल्यात. लिंगम्माच्या मातीला त्या स्वतः हजर होत्या, हे मला तेव्हा आठवलं.

राजूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “व्हय साहेब, मीच भेटून आले की. येत्याती आठ दिसांत.” साहेबांनी लिहून घेतलं आणि गेले. मग त्या परसात जाऊन रडल्या. मी उशा पुन्हा मोजत बसलो.

आठ दिवस काल संपले. करजगीची मोटार यायच्या वेळेला मी दारात जाऊन उभा राहिलो. खोटं आपलं आपणच रचलेलं, तरी उभा राहिलो.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य सांगावे.

आपला आज्ञांकित,
वीरण्णा

ता. क. साहेब पुन्हा येणार आहेत. तुम्ही महिनाभर आलात तर रकान्यात तुमचं नाव घालीन म्हणतो. परवाना वाचेल.

दुसरा ता. क. परवान्याचं राहू द्या. उद्या कचेरीत जाऊन मी खरं सांगून येणार आहे, त्यांना काढून घ्यायचा तर घेऊ दे. तुम्ही तरी या. येणारी जाणारी सगळी मला मालक म्हणतात. वीऱ्या म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच उरलात.