ताई, मालिका संपली

प्रिय ताई,

काल तुमचा तेरावा झाला. आज सकाळी निलेश मुंबईची गाडी धरायला वीर स्टेशनवर गेला, पाहुणे पांगले, आमचे हे दुपारच्या शिफ्टला औद्योगिक वसाहतीत गेले. घरात मी आणि तुमचे हे, आमचे दादा, एवढेच उरलो. भांडी आवरताना लक्षात आलं, गेल्या काही दिवसांत सगळ्यांना सगळं सांगून झालं, तुम्हालाच काही सांगितलं नाही. आपली मालिका संपली हो! शेवट तुम्हाला कोण कळवणार? म्हणून लिहायला बसले.

महाडच्या दवाखान्यात तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "शेवटचा भाग लागायच्या आत मला घरी सोडा." ते हसले. तुम्ही मात्र अगदी खरं बोलत होतात. इतकी वर्षं माझ्याशी भांडलात आणि ऐन निकालाच्या वेळी उठून गेलात. याला काय म्हणायचं ताई?

तुमचं म्हणणं एकच. सुलक्षणाचं काम करणारी पहिली नटी सोडून गेली आणि मालिका तिथंच संपली. माझं म्हणणं, चेहरा बदलला म्हणून काय झालं, गोष्ट तर तीच आहे ना! तुम्ही नव्या नटीच्या हातांकडे बघत बसायचात.

"पिठाला पाण्याचा हातच लावत नाय बघ ही. अशी भाकरी तव्यापर्यंत तरी जाईल काय?"

"ताई, ती नटी हाय. तिला काय भाकऱ्या विकायच्या हायत?"

"मग थापायला बसवलीच कशाला गो?"

मी आत जाऊन भाताखालचा जाळ कमी करायचे.

शिमग्याला निलेशची काय हजेरी घेतलीत! मुंबईहून येताना तो त्याच्या त्या उडणाऱ्या हिरोचा नवा भाग बघून आला होता. मागच्या भागात मेलेला हिरो आता परत आलाय, हे तो कौतुकानं सांगत होता. तुम्ही म्हणालात, "मेलेला परत आला? मग आमच्या मालिकेला हसतोस कशाला रे? तुझी पन मालिकाच हाय. फक्त तिकीट काढून बघायची."

"आई, ते दुसरं विश्व असतं."

"आमच्यात जुळी बहीण असते."

निलेश हळूच म्हणाला, दुसरा भाग खरा चांगला होता, त्यानंतर नुसतं ताणत बसलेत. तुम्ही एवढ्या खूश झालात की त्याला आणखी एक पुरणपोळी वाढलीत.

आणि दादा? ते ओटीवर, टीव्हीकडे पाठ फिरवून अंगणाकडे बघत बसायचे. मालिकेचं गाणं वाजलं की हमखास विचारायचे, "लागलं काय रडगाणं?" तुम्ही आवाज आणखी वाढवायचात. मला वाटायचं, ताईंना कमी ऐकू यायला लागलंय.

तुम्ही गेल्यावर रिवाजाप्रमाणे टीव्हीवर टॉवेल टाकला. दादा कुणाशी बोलेनात. ताट पुढ्यात ठेवलं की दोन घास चिवडायचे आणि हात धुवायचे. निलेशनं समजावलं, यांनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. मला मनातून फार भीती वाटायला लागली होती, ताई. तुमच्यामागोमाग तेही जातील की काय, असं वाटायचं.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा भाग होता. मला ठाऊक होतं, पण सुतकात कसं बोलायचं? भावकीतल्या बायका भेटायला आल्या होत्या. वेळ झाली तसे दादा ओटीवरून उठले, आत आले आणि त्यांनी टॉवेल ओढून काढला.

"निलेश, लाव."

"बाबा, सुतकात टीव्ही? नंतर मोबाईलवर मिळेल ना."

"तुझा मोबाईल चालतो सुतकात? आनि ती कधी नंतर बघायची काय रे? येळेला बसायची."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "भावजी, सुतक हाय घरात."

"सुतक मला हाय. तिला नाय."

निलेशनं टीव्ही लावला. मी नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. दादांसमोर मी कधी बसले नाही, की कामाशिवाय बोलले नाही, तुम्हाला माहीतच आहे.

तर शेवट असा. सासू इंदुमती सुलक्षणाचे पाय धरते, सुलक्षणा तिला माफ करते, सगळं घर एका रांगेत उभं राहतं आणि फोटो निघतो. मला रडू आलं. मी काकूंना म्हटलं, "चांगला केला शेवट."

"कसला चांगला?" दादा म्हणाले. टीव्हीवरची नजर हलली नव्हती. "जुनी सुलक्षणा असती तर सासूला उंबऱ्याच्या आत घेतली नसती."

ताई, मी बघतच राहिले! जुनी सुलक्षणा जाऊन किती वर्षं झाली, दादांना ती कशी माहीत? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, माफ करायला पन धमक लागते."

"धमक नाय, घाई! सोमवारपासून दुसरी मालिका लावायची हाय त्यांना." मग ते थांबेचनात. दुकानाला आग कुणी लावली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, जुळी बहीण माळ्यावर गेली ती खाली आलीच नाही, सगळं सगळं बोलले. मीही पदर सावरायचं विसरून तावातावानं भांडले. भावकीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या.

मध्येच दादा थांबले. म्हणाले, "ती बरोबर बोलायची." आणि मोठ्यानं रडले. स्मशानातही रडले नव्हते. निलेशनं त्यांना धरून ठेवलं. त्या दिवशी ते वरणभात नीट जेवले, जेवतानाही इंदुमतीला शिव्या घालत होते.

तुम्हाला ठाऊक होतं का हो, ते ऐकतात ते? आवाज त्यांच्यासाठी वाढवायचात का? मला एकदा तरी सांगायचंत!

तुम्ही गेलात म्हणून मी माझं मत बदलणार नाही. शेवट चांगलाच होता. सोमवारी नवी मालिका लागली. दादांनी खुर्ची आत घेतलीय आणि पहिल्याच भागाला नावं ठेवलीत. तुमची बाजू आता ते लढवतात. त्यांच्या जेवणाची काळजी करू नका, ते मी बघते. आणि एक शब्द देते, ताई. ते एकटे पडले म्हणून मी कधी त्यांच्या होला हो म्हणणार नाही. रोज भांडेन.

तुमची धाकटी जाऊ,
सुनीता