पाकिटाचे सात सेकंद

काका, तुमच्या टेबलाशी स्टॉपवॉच घेऊन मी उभी राहिले, तो दिवस तुम्ही विसरला नसाल. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता, चिकलठाण्यातल्या आपल्या ऑफिसात टँकरचं पाणी येत होतं आणि मी ट्रेनिंगहून नुकती परतले होते. प्रत्येक कामाची एकच पद्धत ठरवून तक्त्यावर मांडायची, वाया जाणारा वेळ कापायचा. सुरुवात तुमच्या आवक टपालापासून. पाकीट फोडायचं, कागद काढायचा, शिक्का, नंबर, ट्रे. तुम्ही मात्र मध्येच रिकामं पाकीट खिडकीच्या उजेडात धरून, मान तिरपी करून आत बघायचात. दर वेळी सात सेकंद.

"काका, रिकामंच असतंय ना ते?"

"असतंय की, बाई. बघितल्यावर असतंय."

सगळे हसले. मी ती पायरी कापली. मला अर्ज लिहायला शिकवणारे तुम्ही, पुढचं पाकीट फोडून सरळ शिक्का उचललात.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही पैठणला अंथरुणाला खिळलात. एसटीच्या कंडक्टरच्या हाती तुमचं पाकीट आलं. आत रजेचा अर्ज, दोन ओळींचा, नेटका. लगेच मंजूर झाला. चार दिवसांनी तुम्ही गेल्याचं कळलं. भेटायला गेले तर काकू म्हणाल्या, "गाडी काहून नाय पाठवली, बाई? चिठ्ठी टाकली व्हती त्यांनी पाकिटात. दवाखान्यात न्यायचं व्हतं. लई वाट बघितली."

अर्जात खासगी मजकूर घालायचा नाही, ही तुमचीच शिकवण. म्हणून चिठ्ठी वेगळी.

आता ऑफिस काचेचं झालंय, टपाल संगणकावर येतं. तक्ते अजून मीच तपासते. गेल्या आठवड्यात आवक बघणाऱ्या मुलीच्या मागे उभी राहिले. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. ती मेल वाचते, नोंद करते आणि थांबते. मान तिरपी करून पडद्यात बघत राहते. मी मोजलं. सात. पुढचा मेल, पुन्हा सात. मग लक्षात आलं, शेजारच्या टेबलावरचाही तसाच थांबलाय.

"हे तक्त्यात कुठं आहे?" मी विचारलं.

"नाहीये, मॅडम. पण आत काहीतरी राहिलंय असं वाटतं."

मी तिला रागावले नाही. घरी येऊन हे लिहायला बसले. कंडक्टरच्या हाती देता येईल असं हे पत्र नाही, कपाटातच राहील. पाकीट कुणी फोडलं ते माहीत नाही, असं मी काकूंना सांगितलं होतं. काका, ते मीच फोडलं होतं. अर्ज काढल्यावरही हाताला जरा जाड लागलं होतं. पण तक्त्यात ती पायरी नव्हती.