जबलपूरच्या स्टिकवरची सही

शंकर नगर, रायपूर
११ ऑक्टोबर २००४

प्रिय सरला,

पाकिटामागचं माझं सासरचं नाव वाचून तुला काही उलगडलं नसेल. मी मंदा. रेल्वे कॉलनीतली मंदाकिनी देशकर, नवज्योत हॉकी क्लबात तुझ्या शेजारी लेफ्ट इनला खेळणारी. तुझा पत्ता इंदूनं दिला, आपली राइट आउट. ती भिलाईला असते आणि अजूनही बोलताना कुणाला थांबू देत नाही. तू गोंदियाला शाळेत मुलींना खेळ शिकवतेस, हे तिच्याकडूनच समजलं. गोंदिया म्हणजे काही दूर नाही. खरं तर मी स्वतःच यायचं ठरवलं होतं, पिशवीही भरली होती. मग वाटलं, मी दारात उभी राहिले तर तुला नाही म्हणणं अवघड जाईल. पत्राला उत्तर द्यायचं नसेल तर माणूस ते नुसतं बाजूला ठेवू शकतो. ती सोय तुला असावी, म्हणून लिहायला बसले.

आधी माझ्या नवऱ्याच्या वेडाविषयी सांगते, कारण सगळं तिथूनच निघालं. निरंजन सिलतऱ्याच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो आणि उरलेल्या वेळात खेळाडूंच्या सह्या गोळा करतो. लग्नानंतर त्याच्या सामानात एक ट्रंक होती, मला वाटलं पुस्तकं असतील. उघडली तर बबलगमच्या पाकिटातून निघतात ती क्रिकेटपटूंची कार्डं, मासिकातून कापलेले फोटो, कुणाचा फाटका ग्लव्ह, आणि सगळ्यावर सह्या. तो खेळाडूंना त्यांचं कार्ड नाहीतर फोटो पाठवतो, सोबत आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट ठेवतो, आणि मग पोस्टमनच्या सायकलकडे डोळे लावून बसतो. एका गोलकीपरचं पाकीट इतक्या उशिरा परत आलं की त्यावरचं तिकीट तोवर अपुरं पडायला लागलं होतं. आमची राधिका त्याला चिडवते, "पापा, उनको पता भी नहीं कि आप कौन हो!" त्यावर तो म्हणतो, "मले माहीत आहे ना ते कोण आहेत, झालं मग." मीही त्याला कितीदा विचारलं असेल, अहो, दुसऱ्याच्या नावात एवढं काय आहे? त्याचं उत्तर ठरलेलं. नाव नाही मंदा, हात. या कागदावरून त्या माणसाचा हात फिरला आहे. हे मला कधी नीटसं समजलं नाही, पण खोटंही वाटलं नाही. त्याचा एक नियम आहे. सही एकतर त्याच्यासमोर झालेली हवी, नाहीतर सही करणाऱ्यानं तिच्यावर बोट ठेवून 'ही माझी' असं म्हणायला हवं. तसा तो फोटो काढून घेतो. त्याशिवाय वस्तू ट्रंकेत जात नाही.

आता राज्य वेगळं झाल्यापासून या वेडाला अचानक मान आला आहे. इतकी वर्षं जे काही मानाचं होतं ते सगळं भोपाळला. आता राजधानी आपली, बंगले आपले, लाल दिव्याच्या गाड्या आपल्या, आणि जो तो शोधतो आहे की आपला म्हणावा असा इतिहास कुठे ठेवला आहे. उन्हाळ्यात मालवीय रोडवरचं खेळाच्या सामानाचं जुनं दुकान बंद झालं. आपल्या क्लबाला स्टिक्स देणारे शेटजी आठवतात ना, त्यांचंच. त्यांच्या नातवानं माळा आवरताना निघालेली एक हॉकी स्टिक निरंजनला दिली. तिच्यावर लिहिलं आहे, 'जबलपूर १९७९, प्रांतीय महिला चषक, विजेते', आणि खाली दांड्याभोवती संघाच्या सह्या. अंतिम सामन्यात आपण कोणाला हरवलं होतं ते मी तुला काय सांगू! क्रीडा संघटनेच्या सचिवांनी स्टिक हातात घेतली आणि पुन्हा पुन्हा विचारलं, "भोपाल को? सच में भोपाल को?" एक नोव्हेंबरच्या राज्योत्सवात जुन्या खेळाडूंचं प्रदर्शन आहे. ही स्टिक मधल्या काचेच्या पेटीत, आणि आपल्या कोच पांडुरंग सरांचा व्यासपीठावर सत्कार.

निरंजन सह्या वाचत बसला होता. मी स्वयंपाकघरात होते. एकदम ओरडत आत आला. "मंदा! काहून सांगितलं नाही तू मले? अरे बाप्पा, मी गावभर सह्या मागत फिरून राहिलो, अन् सही माझ्या घरात पोळ्या लाटून राहिली!" स्टिक माझ्या पिठाच्या हातांपुढे धरून म्हणाला, ठेव बोट. मी पाहिलं. मंदाकिनी देशकर. स्पष्ट, निळ्या शाईत. मी म्हटलं, अहो, मी जबलपूरला गेलेच नव्हते. कावीळ झाली होती मला. तो हसला. त्याला वाटलं मी लाजते आहे.

सरला, ती सही माझी नव्हती. मी तेव्हा भीत भीत लिहायची, शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर तोडून. इथे आधी सगळी अक्षरं, मग डावीकडून उजवीकडे एकच रेघ, आणि टोकाला ती किंचित वर उचललेली. कॉलेजात तू माझ्याच बाकावर बसायचीस, अशी रेघ मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. तरी मी स्वतःला बजावलं की मंदा, तुला वाटतं म्हणून ते तसं असेल असं नाही. मग बाकीची नावं एकेक करून वाचली, उलट्या बाजूनंही वाचली. इंदू होती, गोलकीपर अंजना होती, सगळ्या होत्या. सरला मेश्राम नव्हती. आणि तू तर गेली होतीस. माझ्याच जागी गेली होतीस. मग तुझं नाव कुठे गेलं? त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचलं नाही.

शेवटी पांडुरंग सरांकडे गेले. ते आता आमच्याच भागात मुलाकडे राहतात. ऐकायला अगदी कमी येतं, म्हणून मला ओरडून विचारावं लागलं आणि त्यांनीही ओरडूनच सांगितलं. इतक्या वर्षांचं गुपित अख्ख्या गल्लीला कळलं असेल. "अगं, यादी केव्हाच गेली होती जबलपूरले! नाव बदललं असतं तर टीमच बाद. मग मी सरलाले म्हटलं, पोट्टी, गाडीतून उतरली की तू मंदाकिनी. पोरींनाही दम दिला, मैदानात कोणी सरला म्हणून हाक मारली तर पाहा मग. अन् ही पहिल्या मॅचमध्ये 'मंदा, पास दे' म्हटलं तर वळूनच नाही पाहे!" हसता हसता त्यांना ठसका लागला. मग म्हणाले की कटनीला गाडी बदलताना तू त्यांच्याजवळ आलीस आणि विचारलंस, सर, गोल झाला तर कोणाचा? ते म्हणाले, टीमचा. मी त्यांना आणखी एक विचारलं. सरला माझ्याहून चांगली खेळायची, मग पहिल्या यादीतच तिचं नाव का नव्हतं? सर ओरडायचे थांबले. चष्मा काढून पुसत राहिले. "यादी कमेटीनं केली होती, बेटा," एवढंच, आणि तेही हळू. कमेटीत माझे बाबा होते. गुढियारीच्या वस्तीतली, मेश्राम आडनावाची पोरगी राखीव म्हणूनसुद्धा का चालली नसेल, हे मला आज कोणी समजावून सांगायला नको. तेव्हा मात्र ती यादी मला सरळ वाटली होती. हे वाक्य मी आधी जरा मऊ करून लिहिलं होतं, ते खोडून पुन्हा लिहिलं.

तू परत आल्यावर मला भेटायला आलीस तो दिवस मी आता वेगळा पाहते आहे. मी पिवळी पडून अंथरुणात. पेपरात छापून आलं होतं, 'मंदाकिनी देशकर यांचा निर्णायक गोल'. बाबा म्हणाले होते, पेपरवाल्यांची चूक, देऊ नको लक्ष. आता वाटतं, बाबांना ठाऊक असणार. मी तुला पेपर दाखवला आणि म्हटलं, बघ सरला, झोपून गोल केला मी! तू हसलीस. चांगली खळखळून हसलीस. मग पदक काढून माझ्या उशीशी ठेवलंस आणि म्हणालीस, "तुझंच आहे, ठेव." मी समजले, मैत्रिणीचं प्रेम. तसं ते असेलही, सगळं प्रेम मी आता त्यातून काढून टाकणार नाही. पण तू सरांना गप्प राहायचा शब्द दिला होतास आणि मी तुझ्यासमोर तुझाच गोल हसण्यावारी नेत होते. त्यानंतर तू क्लबात यायची बंद झालीस. मी डायरीत लिहून ठेवलं की सरला जिंकून आल्यापासून चढली आहे. डायरीत माणूस किती खात्रीनं चुकीचं लिहितो!

निरंजनला सगळं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा पडला. खोटी सही असलेली वस्तू तो ठेवत नाही. दोन दिवस स्टिक कपाटावर उलटी पडून होती. मग चहा पिता पिता म्हणाला, "मंदा, सही खोटी आहे का नाव खोटं आहे, हे मले समजून नाही राहिलं. हात तर तिचाच ना? खेळली तीच, गोल तिचा, हात तिचा." मी म्हटलं, मग? तो म्हणाला, "मग खोटं काय आहे त्यात? तुझं नाव!" राधिका म्हणाली, "मम्मी, आप ही नकली निकलीं!" आम्ही तिघंही हसलो, पण मला ते हसणं लागलं.

आता अडचण अशी आहे. कार्यक्रमपत्रिका छापून आली आहे. संघातल्या सगळ्यांना व्यासपीठावर बोलावणार, आणि विजयी गोल करणारी म्हणून शेवटी मला. मी येणार नाही, असं मी सचिवांना कळवून टाकलं. कारण विचारलं तर तब्येत सांगितली, आणि तेही मला टोचतं आहे. न जाणं म्हणजे खरं सांगणं नव्हे. खरं सांगावं म्हटलं तर सरांचा सत्कार आहे आणि इंदू-अंजना सगळ्यांचा तो एकुलता एक चषक आहे. सरांनाच विचारलं. म्हणाले, "सांग बाई, सगळं सांग. फक्त शाल खांद्यावर पडू दे, मग सांग!" ते थट्टेत म्हणाले की खरंच, मला कळलं नाही. आणि या सगळ्यात मुख्य राहिलीस तू. तुला न विचारता मी माइकवर तुझं नाव घेतलं तर तेही पुन्हा तेच झालं, तुझ्या नावाचं काय करायचं ते दुसऱ्यांनीच ठरवणं. तुझ्या शाळेत, तुझ्या घरी हे कुणाला माहीत आहे का, हेही मला ठाऊक नाही. कदाचित तू हे केव्हाच मागे टाकलं असशील आणि मीच इथे उकरत बसले असेन.

मला मात्र तुला खूप विचारायचं आहे. उत्तर नाही दिलंस तरी विचारते. दुसरीच्या नावाला ओ देताना कसं वाटतं? किती वेळानं सवय झाली, की झालीच नाही? गोल झाल्यावर पोरींनी तुला मिठी मारली तेव्हा त्या काय ओरडत होत्या? आणि स्टिकवर सही करताना, सगळ्या घाईत असताना, तुझा हात क्षणभर थांबला होता का? निरंजननं भिंगातून पाहिलं. तो म्हणतो, थांबलेला दिसत नाही.

येत्या चोवीस तारखेला, रविवारी, निरंजन गोंदियाला येतो आहे. त्याच्याजवळ ती स्टिक असेल. माझ्या नावाखाली दोन बोटं जागा मोकळी आहे, तुला वाटलं तर तिथे तुझं नाव लिही. तिथे नको असेल तर माझं घासून काढ आणि त्याच जागेवर लिही. त्यासाठी मी त्याच्या पिशवीत पॉलिश पेपरचा एक तुकडा ठेवला आहे. जुन्या सहीला नखही लागू न देणारा माणूस, मी तो तुकडा घडी करत असताना शेजारी उभा होता, आणि म्हणाला, "बारीक दे, लाकडाले ओरखडे पडतीन." तू लिहिलंस तर स्टिक तशीच काचेत जाईल, लोक वाचतील आणि विचारतील, आणि मी तिथे उभी राहून सांगेन. सर शालीसकट ऐकतील. मात्र यातलं काहीच नको असेल तर स्टिक तुझ्याकडे ठेवून घे, त्याला चहा दे आणि गाडीला बसवून दे. तो रिकाम्या हातानं आला तर मी त्याला काही विचारणार नाही, आणि त्या काचेच्या पेटीत दुसरं काही ठेवतील.

तू जे ठरवशील त्याला राजी असलेली,
तुझीच,
मंदा