फुटाण्यांची बरणी

बुधवार, संध्याकाळ

आज कागलचे तात्या, माझ्या वडिलांचे, आप्पांचे जुने पेशंट, तळहातावर पांढरा तुकडा घेऊन दवाखान्यात आले. बारा दिवसांपूर्वी मीच त्यांच्या दाढेत भरलेलं सिमेंट. मी म्हटलं, भरलेलं टिकेलच अशी हमी नाही, या फॉर्मवर तुमची सही आहे, परत भरायचे पैसे पडतील. असं कसं बोलले मी? त्या दिवशी दाढ नीट कोरडी न करता घाई केली होती, हे मला आठवत असताना?

"माझ्या सहीनं सिमिट चिकटतंय व्हय, डॉक्टरबाई?" तात्या म्हणाले. "तुमचं वडील फुटाणं चावून दावल्याबिगर पैशाला हात लावत नव्हतं."

ती बरणी! आप्पांच्या टेबलावर कायम असायची. दाढ भरली की तासभर थांबून पेशंटनं त्यांच्यासमोर फुटाणे चावायचे. टिकलं तर फी, निघालं तर परत फुकट भरायची, वर चहा. शाळा सुटली की मी त्यातले मूठभर पळवायची. दवाखाना माझ्याकडे आला आणि त्या बरणीत मी कापूस भरला.

तात्यांची दाढ परत भरली, पैसे न घेता. कोपऱ्यावरून फुटाणे आणवले, कापूस काढून बरणीत ओतले. तासाभरानं तात्या माझ्याकडे बघत कडाकडा चावायला लागले आणि दाढ टिकते का ते बघवेना म्हणून मी पाठ फिरवली.

पेशंट चावायला लागला की आप्पा पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. मला वाटायचं, कंटाळलेत.