फुलपाखरू मासा जेवत नाही

झाशी, मंगळवार, संध्याकाळ

आजही नाही. कोळंबी बारीक करून टाकीत सोडली. फुलपाखरू मासा जवळ आला, तोंड लावलं आणि मागे फिरला. आणल्यापासून हेच चाललंय. सीपरी बाजारातला दुकानदार आज म्हणतो, "भाईसाहब, ये तो ज़िंदा मूंगा खाती है." जिवंत पोवळं! झाशीत! मग विकताना का नाही बोललास?

आणि आई! घरातलं जनावर उपाशी असताना आपण जेवायचं नाही, हा तिचा जन्माचा नेम. त्या माशासाठी तिने घरात कोळंबीसुद्धा येऊ दिली. इतके दिवस 'नवा आहे, रुळेल' म्हणत मी तिला कसंबसं जेवायला लावलं. आज ऐकेना. इन्सुलिन घेऊन ताटासमोर नुसती बसली. हात थरथरायला लागले तिचे.

"त्याने खाल्लं का रे?"

"खाल्लं, आई. आत्ताच."

मग जेवली. वर म्हणाली, "बघ, रुळला बिचारा."

पुन्हा टाकीपाशी आलोय. तोंड लावतो, मागे फिरतो. पोट पार आत गेलंय त्याचं. कशाला आणला मी समुद्रातला जीव इथे?

उद्या तो पाण्यावर तरंगताना दिसला, तर आईला काय सांगू? भरल्या पोटी मेला?