मॉरीनच्या दारातला पायगुण

सीब,
२२ फेब्रुवारी

प्रिय सोनल,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, इथे वल्लरीकडे सगळे खुशाल आहेत. तीस वर्षं साताऱ्याच्या पोस्टात लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले आणि स्वतः मात्र कुणाला चार ओळी लिहिल्या नाहीत. शिवाय फोनवर तुझं-माझं जमत नाही. दर शुक्रवारी तू नेमाने फोन करतेस, गुडघे विचारतेस, बीपी विचारतेस, आणि मी जरा तोंड उघडते तोच “प्रसादला देते हं आई” म्हणून मोकळी होतेस. म्हणून हे पत्र घरच्या पत्त्यावर नाही, तुझ्या शाळेच्या पोस्टबॉक्सवर पाठवतेय. थेट तुझ्याच हातात पडू दे. प्रसादला दाखवायचं की नाही ते नंतर बघ.

आधी मला त्या मॉरीनबद्दल बोलू दे, नाहीतर माझं डोकं फुटेल. मॉरीन म्हणजे वल्लरीच्या भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. स्कॉटलंडची, साठीची, लाल केसांची, नवरा गेल्यावरही इथेच आखातात राहिलेली. एका नर्सरीत शिकवते. बाई स्वभावाने सोन्यासारखी आहे, हे मी रागातसुद्धा मान्य करते. पण एकतीस डिसेंबर आला की तिच्या अंगात येतं. त्या दिवसाला त्यांच्याकडे हॉगमने म्हणतात. हा शब्द मराठी माणसासमोर मी पुन्हा उच्चारणार नाही. सकाळपासून घर घासून काढलं, उसनी आणलेली भांडी परत केली (त्यात आपला कुकर दोन वर्षांनी घरी आला), कचरा बाहेर. म्हटलं, चला, आपल्या दिवाळीसारखंच आहे. पण खरी गंमत पुढेच.

बारा वाजले की मागचं दार उघडायचं, जुनं वर्ष बाहेर. मग पुढचं दार उघडायचं, नवं वर्ष आत. आणि त्यानंतर घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं त्यावर वर्षभराचं नशीब! ते पाऊल उंच, काळ्या पुरुषाचं हवं. हातात कोळसा, मीठ, पाव आणि व्हिस्की. लाल केसांचा चालत नाही, बाई तर मुळीच चालत नाही. तर उंच आणि काळे म्हणून तिने आपल्या गजेंद्ररावांना निवडलं. मला इतका राग आला म्हणून सांगू! माझ्या जावयाला तोंडावर काळा म्हणते? मी वल्लरीला म्हटलं, मुळीच पाठवू नकोस. तर वल्लरी हसून लोळायची बाकी. म्हणे, आई, केस काळे हवेत, माणूस नाही. आणि तूच ना, यांचं स्थळ आलं तेव्हा ‘मुलगा चांगला आहे, पण जरा काळा आहे’ म्हणत आठ दिवस घालवले होतेस? मुली काही विसरत नाहीत.

असो. गजेंद्रराव तिकडे पलीकडच्या गावी, बरक्याला, साइटवर अडकले. साडेअकरापासून त्यांचा एकच जप, दहा मिनटांत येतो, इन्शाल्ला. त्यांची दहा मिनटं तुला माहीत आहेत. आम्ही सगळे मॉरीनकडे. मला आठवलं, बीपीची गोळी राहिली. मागल्या अंगणातून घरी गेले, गोळी घेतली, ओट्यावर मी तिच्यासाठी केलेल्या नारळाच्या वड्या होत्या, त्यांचा डबा घेतला, आमचं पुढचं दार ओढून बाहेर आले, आणि मॉरीनचं पुढचं दार उघडं दिसलं म्हणून सरळ त्यातून आत शिरले. बारा वाजून चार मिनटं झाली होती. मॉरीन किंचाळली, “नो नो नो, नॉट यू!” आणि हात आडवा धरून मला दाराबाहेर लोटलं. वड्यांचा डबा मात्र ठेवून घेतला. वल्लरी म्हणाली, आई, थांब ना जरा बाहेर, तिच्या मनाला लागतं. माझ्या मनाचं काय, ते कुणी विचारलं नाही.

पाऊण तास, सोनल. गाड्यांच्या शेडखाली पाऊण तास मी उभी होते, कारण आमचं दार ओढल्यावर आपोआप लागलं होतं, मागली वाट मॉरीनच्या घरातूनच, घराची किल्ली वल्लरीच्या पर्समध्ये आणि पर्स मॉरीनच्या सोफ्यावर. आतून गाण्याचे आवाज. मध्ये वल्लरीची उत्तरा खिडकीत आली आणि तिच्या त्या मोडक्या मराठीत विचारलं, “आजी, तू अनलकी आहे का?” आठ वर्षांची पोर, मनात काही नाही. मी म्हटलं, जा, आत जा, थंडी आहे. एकदाचे गजेंद्रराव आले, हातात बार्बेक्यूच्या कोळशाची पाच किलोची अख्खी गोणी. साइटवरच्या अरबीत “यल्ला, खलास!”, म्हणजे चला, झालं, म्हणत आत गेले, टाळ्या पडल्या, मग मॉरीनने येऊन मला मिठी मारली आणि गालाचा मुका घेतला. जसं काही झालंच नाही. मी घरी येऊन पडले, आणि सकाळपर्यंत तिला मनातल्या मनात मराठीत झोडपलं. एवढी शिकलेली बाई आणि इतकी अडाणी समजूत!

पंधरा जानेवारीला ती बाथरूममध्ये घसरली आणि मनगट मोडलं. मी रोज मुगाचं कढण करून नेते, तिला ते फार आवडतं. एक दिवस चमचा तोंडाजवळ नेताना हसत म्हणाली, मला माहितेय हं, हे कुणाच्या पायाने झालं! आणि डोळा मिचकावला. थट्टाच होती. वल्लरी हसली, उत्तरा हसली. मला हसू फुटेना. माझा पाय तिच्या दारात पडला होता, हे खरं. तिचं मनगट मोडलं, हेही खरं. मधली ओळ तिने हसत हसत जोडली, आणि ती कशी खोडायची ते मला सुचेना. मी वाटी घेऊन घरी आले, आणि तेव्हा पहिल्यांदा, नऊ वर्षांत पहिल्यांदा, मला तुझा चेहरा दिसला.

मॉरीनच्या लोकांत त्या पहिल्या पावलासाठी निराळा शब्द आहे म्हणे. आपल्याकडे तर कधीपासून एक आहे, आणि तो माझ्या तोंडून निघाला होता. तू माप ओलांडून आलीस, नवव्या दिवशी हे गेले, आणि दहाव्या दिवशी भरल्या घरात मी म्हणाले, सुनेचा पायगुण. तू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होतीस. तू ट्रे खाली ठेवलास, सगळ्यांना कप दिलेस आणि आत गेलीस. पुढे दोन वर्षांनी तुमच्या पुण्याच्या फ्लॅटची वास्तुशांत. कलश तुझ्या हातात होता. मी तो काढून वल्लरीच्या हातात दिला आणि तुला म्हटलं, इथे चपला चोरीला जातात, तू जिन्यात थांबून जरा लक्ष ठेव. तुझंच घर, आणि तू बाहेर चपलांपाशी. मॉरीनने मला निदान खरं कारण सांगितलं होतं. त्याच वर्षी तुम्ही सलालाहला, याच देशाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलात. मी तिसऱ्यांदा वल्लरीकडे आलेय आणि लोकांना सांगते, तिकडे फार लांब पडतं. प्रसाद दर वेळी ये म्हणतो. तू कधी म्हणाली नाहीस, आणि का म्हणावंस?

आधी ठरवलं होतं, वल्लरी पाडव्याला इथून जवळच, माबेल्याच्या नव्या घरात जातेय, तर पहिलं पाऊल तुझं असावं म्हणून तुला बोलवावं. मग वाटलं, तेही तेच झालं. तुझं पाऊल वाईट ठरवणारी मी, आता चांगलं ठरवणारीही मीच. नको ते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. लग्नाआधी तीन आठवडे ह्यांच्या छातीत दुखत होतं. मला न्यायला यायचे तेव्हा पोस्टाच्या जिन्यात दोनदा थांबले होते. डॉक्टरांनी अँजिओग्राफी लगेच करा म्हणून चिठ्ठी दिली होती. हे फक्त मला माहीत होतं. हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मीच म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग करू. हे ‘बरं’ म्हणाले. ते नेहमी बरंच म्हणायचे. ती चिठ्ठी अजून माझ्या कपाटात आहे. तुझा पायगुण नसता, तर माझी चूक होती, आणि ती मला पेलली नसती. म्हणून तुझ्या अंगावर टाकली. प्रसादलाही मी हे सांगितलेलं नाही, आधी तुला सांगायचं होतं. माफ कर म्हणण्याचा मला हक्क नाही, तरी म्हणते. पाडवा झाला की सलालाहच्या बसने येईन म्हणते, बारा तास लागले तरी चालतील. तू हो म्हटलंस तरच. बेल वाजवून मी बाहेर उभी राहीन. आणि आत घ्यावंसं नाही वाटलं तर तसं सांग, मी जिन्यात चपला सांभाळत बसेन.

तुझीच,
आई